खालची बर्थ

ताईचं पत्र आलं तेव्हा थंडीला नुकती सुरुवात झाली होती. आता खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात इतपत ऊन पडायला लागलं, तरी आजोबांनी त्या पत्राला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र तसं छोटंच होतं. ताईचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे शब्दसुद्धा मोजूनमापून. "घुम्या," तिने लिहिलं होतं, आणि आजोबांना या नावाने हाक मारणारं आता ती सोडून कुणी उरलं नव्हतं, "माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. मी काही आता डोंगर उतरून तुझ्याकडे येत नाही. तूच ये. येणार असशील तर कळव, नसशील तरी कळव. गप्प बसू नकोस."

गप्प बसू नकोस म्हणून बजावलेला माणूस नेमका गप्प बसला होता.

उत्तर लिहायला घेतलंच नव्हतं असं नाही. आजोबांनी उभी हयात एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली होती. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून करून पेन्सिली झिजवल्या, आणि आता स्वतःचं एक धड वाक्य लिहिता येईना. 'येतो' लिहावं तर ते खोटं ठरणार. 'येत नाही' लिहावं तर ताईच्या जिव्हारी लागणार. 'बघतो' लिहिलं तर ती म्हणणार, काय बघतोस, डोंगर? मग ते 'बघतो' खोडायचे, समासात 'प्रयत्न करतो' लिहायचे, तेही खोडायचे, आणि शेवटी कागदावर 'प्रिय ताई' एवढंच उरायचं. एकदा तर त्यांना 'प्रिय' बद्दलही शंका आली. सख्ख्या बहिणीला प्रिय लिहितात का, की ते जरा परकं वाटतं?

जायला जमत नाही याचं खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं, आणि सांगण्यासारखं तर त्याहून नव्हतं. ताईचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं आणि आजोबांना अलीकडे तासाभराहून जास्त दम धरवत नसे. वय झालं की शरीर माणसाला अशा ठिकाणी अडवतं की तक्रार कुणाकडे करावी तेही कळत नाही. एकदा जुन्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला ते बसने गेले होते. भरल्या बसमध्ये उठून, सगळ्यांच्या देखत चालकाला "जरा थांबवता का?" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. तो सगळा रस्ता त्यांनी खिडकीची दांडी घट्ट धरून, ओठ आवळून काढला होता. तेव्हापासून कुणी कुठे बोलावलं की ते म्हणत, "मला प्रवास मानवत नाही हो." लोकही पुढे विचारत नसत. अबोल माणसाचा एवढा एक फायदा असतो, त्याला दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

आजी गेल्यानंतर ते लेकीकडे राहायला आले होते. लेक देत होती ती मोठी खोली त्यांनी घेतली नाही, स्वयंपाकघरामागची छोटी घेतली. पुस्तकं तेवढी भिंतीला लावली आणि दातांचा ब्रशसुद्धा सगळ्यांच्या पेल्यात न ठेवता आपल्याच खोलीत ठेवला. आपल्यामुळे कुणाची गैरसोय होऊ नये, एवढाच त्यांचा घरातला कायदा.

अशात एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, आम्ही घरगाडी घेतोय."

घरगाडी म्हणजे काय, हे नातींनी दोन्ही बाजूंनी एकदमच सांगायला सुरुवात केली. थोरलीला घरात वकीलबाई म्हणत, कारण ती बोलायला लागल्यापासून कुणाशी तरी वाद घालतच होती. धाकटी भिंगरी, ती जेवतानाही खुर्चीवर स्थिर नसे. दोघींच्या बोलण्यातून आजोबांना एवढं उमगलं की ही एक मोटार आहे, तिच्यात शेगडी आहे, फ्रिज आहे, टेबल आहे, आणि मुख्य म्हणजे बंक बेड आहेत, आगगाडीतल्या बर्थसारखे एकावर एक.

"आणि टॉयलेटपण आतच!" भिंगरी म्हणाली.

आजोबांच्या हातातला घास तसाच राहिला. टॉयलेट आतच. म्हणजे गाडी कडेला घेतली की झालं, दोन पावलांवर. शोधाशोध नाही, कुणापुढे तोंड वेंगाडणं नाही. त्यांना क्षणात ताईचं घर दिसलं, दगडी पायऱ्यांवर बसलेली ताई दिसली. पण दुसऱ्याच क्षणी लेकीचं पहिलं वाक्य त्यांच्या कानात परत वाजलं. आम्ही घरगाडी घेतोय. आम्ही.

आता 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांच्या मध्ये एक उंबरठा आहे. 'आपण' म्हटलं की ऐकणारा घरात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर राहतो. भल्याभल्या लेखकांच्या हातून या दोहोंची गल्लत होते, आणि आजोबांनी छापखान्यात अशा कितीतरी 'आम्हीं'भोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं होतं. लेकीच्या तोंडच्या शब्दाला गोल कसा काढणार? त्यांनी मनातल्या मनात मोजलं. लेक, जावई, दोन नाती. चार. बरोबरच आहे. तरुण माणसांनी आपापलं फिरावं. तिथे मध्येच एक म्हातारा कशाला?

"छान, छान," ते म्हणाले. "तुम्ही खुशाल जा. मी घर सांभाळीन."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात भिंगरीने पाण्याचा तांब्या लवंडला आणि सगळे फडकं शोधायला लागले. तो विषय तिथेच ओला होऊन राहिला.

मग थंडीभर घरात बर्थचीच चर्चा. जावई जमीनमोजणीच्या कामात होता. हॉटेलात गेला तरी टेबलाची लांबी नजरेने मोजणारा माणूस. त्याने बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूने गाडी आखली आणि सगळ्यांना त्या चौकोनात उभं राहायला लावलं. आजोबा दारातूनच बघायचे आणि विचारायचे, "मग किती दिवस जाणार तुम्ही? नाही, कुंड्यांना पाणी घालायचं कसं ते ठरवायला हवं." लेक म्हणायची, "बघू." तिचा आवाज का कोरडा होतो, हे आजोबांना कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आपण फार खोदून विचारतो.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी सगळे गाडी बघायला निघाले. "तुम्हीही चला, बाबा. घरात एकटे बसून काय करणार?" लेक म्हणाली. आजोबांनी तिच्या वाक्यातली दया तेवढी ऐकली आणि कोट घातला.

वापरलेल्या घरगाड्या विकायचं ते आवार शहराबाहेरच्या रस्त्यावर होतं. खडी पसरलेल्या मैदानात पंधरावीस गाड्या धुऊन-पुसून उभ्या होत्या. मालकीण रबरी बूट घातलेली, कानामागे पेन खोचलेली, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ती चालली की घंटा वाजल्यासारखं वाटे.

तिने पहिली दाखवली ती पांढरीशुभ्र, नवीकोरी वाटावी अशी. मागच्या टोकाला दोन बर्थ, एकावर एक. प्रत्येकीला आपली खिडकी, आपला दिवा, आपली जाळी, आणि मध्ये एक नाजूक शिडी. पोरी आत शिरल्या त्या थेट तिथेच.

"वरची माझी!" वकीलबाई.

"मग खिडकी मी उघडणार!"

"तुझी खिडकी तू उघड, माझी मी. दोन खिडक्या आहेत, डोळे उघड जरा."

जावयाने खिशातून टेप काढली आणि तो कपाटं मोजायला लागला. लेक गुडघ्यांवर बसून सिंकखाली डोकावत होती. आजोबा मात्र पायरीवर उभे होते. बुटांना चिखल होता आणि आत कोवळ्या रंगाचा गालिचा. तिथूनच त्यांनी मान लांब करून बाथरूम कुठे आहे ते बघितलं. पार मोठ्या पलंगाच्या पलीकडे. म्हणजे रात्री उठायचं तर लेक-जावयाच्या उशाशी वाकून जायचं. पण ते आपल्याला काय करायचंय, त्यांनी स्वतःला दटावलं.

"झकास आहे," ते म्हणाले. "घेऊन टाका."

"किती जण आहात तुम्ही?" मालकिणीने विचारलं.

"आम्ही पाच," सिंकखालून लेकीचा आवाज आला.

"चार," आजोबा म्हणाले.

"पाच."

"चार. मोजण्यात चूक होतेय." हे त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, त्याच सुरात, ज्या सुरात ते छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला अक्षर निसटल्याचं सांगत असत.

मालकिणीने एकदा आत बघितलं, एकदा पायरीकडे. "मला काय, तुम्ही म्हणाल तितके. पण एक ऐका. झोपायचं कसंही जमवता येतं, चालत्या गाडीत मात्र माणशी एक पट्टा लागतो. या गाडीला पट्टे चारच आहेत. पाच असाल तर ही तुमची नव्हे."

लेक सिंकखालून बाहेर आली. गुडघे झटकत ती दारापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही कोणाला गाळलंत?"

आजोबांनी खडीकडे बघितलं. "मला."

"का?"

"तूच म्हणालीस."

"मी? कधी?"

"जेवताना. 'आम्ही घरगाडी घेतोय' म्हणालीस. 'आपण' नाही म्हणालीस."

जावयाच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"अहो बाबा," लेक म्हणाली आणि पायरीवरच बसली, "'आम्ही घेतोय' म्हणजे कर्ज आमच्या नावावर! तुम्ही लगेच पेन्शनच्या पासबुकाला हात घालता म्हणून मुद्दाम म्हटलं मी तसं. वॉशिंग मशीनच्या वेळी काय केलंत? आम्हाला न विचारता परस्पर पैसे भरून आलात. म्हणून म्हटलं, आम्ही. गाडी आम्ही घेतोय. जाणार आपण!"

"मी हिला केव्हाचा सांगतोय," जावई आतून म्हणाला, "तुझ्या वडिलांशी बोलताना व्याकरण सांभाळत जा."

"तू गप रे."

"म्हणजे आजोबांना वाटलं की त्यांना बोलावलंच नाही?" वकीलबाईचं डोकं वरच्या बर्थवरून खाली आलं. "अख्खी थंडी? एका शब्दावरून?"

"आणि मला काय वाटलं असेल?" लेक आजोबांनाच म्हणाली. आता तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी. "'मी घर सांभाळीन' म्हणालात. मग रोज उठून तेच, किती दिवस जाणार तुम्ही, कुंड्यांचं काय. मला वाटलं, यांना आमचा गोंगाट नको झालाय. चार दिवस घरात शांतता मिळेल म्हणून वाट बघतायत. विचारायचं तरी एकदा!"

आपल्या गप्प बसण्याचा असाही अर्थ कुणी लावू शकतं, हे आजोबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचायचं काम आपलं, एवढंच ते समजून चालले होते. आपल्यालाही कुणीतरी वाचत असतं आणि चुकीचं वाचू शकतं, हे त्यांना त्या पायरीशी उभं असताना पहिल्यांदा कळलं.

"आता सरळ सांगा," लेक म्हणाली. "यायचंय की नाही?"

"पोरींना ही गाडी आवडलीय..."

"ते मी विचारलं नाही."

"त्यांच्या त्या बर्थ..."

"तेही मी विचारलं नाही."

मालकिणीला असल्या घरगुती कज्ज्यांची सवय असावी. लोक गाडी घ्यायला येतात आणि घरातलं सगळं तिच्या आवारात काढून बसतात. तिने किल्ल्या वाजवल्या. "माझ्याकडे अजून एक आहे. दिसायला बरी नाही, आधीच सांगून ठेवते. पण पट्टे पाच आहेत, आणि लांबीला हिच्याहून आखूडच आहे. गल्लीबोळात जाईल."

दिसायला ती खरंच बरी नव्हती. अंगावर तपकिरी पट्टा, आणि चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला फुगवटा, कपाळाला टेंगूळ आल्यासारखा. आत शिरलं की साबणाचा आणि जुन्या सतरंजीचा वास. मध्ये टेबल आणि बाकं, ती जोडून दोघांचा बिछाना होतो म्हणे. टेंगळाच्या आत, छताशी, आणखी एक झोपायची जागा. आणि मागे एका बाजूला दोन बर्थ, बिनखिडकीच्या, फळ्यांवर आधीच्या कुणाच्या तरी मुलांनी ओरखडलेल्या रेघा. बर्थना लागूनच बाथरूमचं अरुंद दार.

पोरींची तोंडं उतरली.

"खिडकीच नाही," भिंगरी म्हणाली.

"मला एक मुद्दा मांडायचाय," वकीलबाई म्हणाली. "बंक बेड दोन बहिणींचे असतात. एक वर, एक खाली. आजोबा खाली झोपले तर एक बहीण उरते. असं ठरलं नव्हतं."

"तुमच्या दोघींत ठरलं नव्हतं," लेक म्हणाली. "मग आजोबांना वर चढवू या का?"

"चालेल," भिंगरी म्हणाली. "पडू नयेत म्हणून बांधून ठेवू."

"नको, नको, ती पांढरीच बरी," आजोबांनी घाईघाईने सुरुवात केली, "मी खरंच घरी..."

"आजोबा, आधी झोपून तर बघा!" भिंगरीने त्यांचा हात धरून ओढला. तिला मुद्द्यांशी देणंघेणं नव्हतं. कुठलीही वस्तू दिसली की ती वापरून बघायची, एवढं तिला माहीत होतं.

आजोबांनी बूट काढले, चष्मा कोटाच्या खिशात ठेवला आणि खालच्या बर्थवर आडवे झाले. जावयाने लगेच टेप लावली.

"पाय सरळ केले तर टाचा बाहेर येतात. गुडघे जरा दुमडले की बसतात बाबा बरोबर."

"मी दुमडूनच झोपतो," आजोबा म्हणाले.

वर नाकाजवळ फळी होती. अंग चोरायची त्यांना जन्माची सवय, त्यामुळे ती चिंचोळी जागा त्यांना मुळीच जाचली नाही, उलट उबदार वाटली. त्यांनी डावा हात हळूच बाहेर काढला. बोटांना बाथरूमच्या दाराची मूठ लागली. उठायचीही गरज नव्हती, नुसता हात लांब केला की मूठ. अंधारात, कुणाच्या उशाशी न जाता, कुणाला काही न सांगता. त्यांनी मूठ धरून ठेवली. यायचंय, त्यांच्या मनात आलं. मला फार यायचंय. पण ते ओठांपर्यंत येईना. ओठांपर्यंत आलं ते भलतंच.

"या दाराचा आवाज होतो का हो?"

"कसला आवाज?" मालकिणीने विचारलं.

"नाही, म्हणजे रात्री. कुणी उठलं तर. बाकीच्यांची झोपमोड..." त्यांचे कान तापले.

लेकीचा स्वतःचा दवाखाना होता. आखडलेले गुडघे आणि धरलेल्या कंबरा मोकळ्या करायच्या, म्हाताऱ्या माणसांना परत चालतं करायचं, हेच तिचं रोजचं काम. तिच्या ध्यानात आलं. पण तिने वडिलांकडे बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "उघडून बघ रे जरा ते दार."

जावयाने दार उघडलं, मिटलं. चांगलं कुरकुरलं ते.

"तेल घातलं की झालं," मालकीण म्हणाली.

"मला रात्रीतून तीनचारदा उठावं लागतं," आजोबा वरच्या फळीला उद्देशून म्हणाले. फळीशी बोलणं सोपं होतं. "दिवसाही सारखं जावं लागतं. म्हणून मी कुठे जात नाही. प्रवास मानवत नाही असं नाही."

आजोबांना वाटलं, झालं, आता सगळे खाली बघत असतील.

"मलापण सारखी लागते," भिंगरी म्हणाली. "पण आई म्हणते मी मुद्दाम करते."

जावयाला हसू आवरेना. मग लेकही हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना हाताची पालथी मूठ लावली. "एवढंच होतं, बाबा? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच रडगाणं असतं. औषधं आहेत त्यावर, व्यायाम आहेत. मला सांगायचं नाही?"

"तुला कसं सांगणार?"

"का? मी काय परकी?"

आजोबा कोपरावर रेलून उठायला गेले, डोकं फळीला लागलं, तसे परत आडवे झाले. आडवं पडूनच ते म्हणाले, "मला यायचंय. ताईकडे जायचंय मला. आणि मला खालचीच बर्थ हवी."

लेकीने आपल्या वडिलांना असं काही मागताना कधी ऐकलं नव्हतं. तिने वकीलबाईकडे पाहिलं. वकीलबाई हाताची घडी घालून उभी होती. मग मुकाट्याने पुढे गेली आणि चालकाच्या डोक्यावरच्या त्या टेंगळात चढून दिसेनाशी झाली. आतून आधी नुसती खुडबुड ऐकू आली.

"इथे खिडकी आहे," थोड्या वेळाने आवाज आला. "छोटीशी."

"बरं," लेक म्हणाली.

"आणि पडदा आहे. पूर्ण बंद होतो." मग पडद्याआडून, जरा रागातच: "ही माझी. मला न विचारता कुणी वर यायचं नाही. भिंगरीने तर अजिबात नाही. आणि पुढच्या सीटवर जाताना मी बसणार, येतानाही मीच."

"येतानाचं नंतर बघू," जावई म्हणाला.

"मग मी उतरते आणि पांढरीत जाऊन बसते."

"जाताना आणि येताना," लेक म्हणाली. "मान्य."

"म्हणजे वरची बर्थ मला!" भिंगरी शिडी न वापरताच वर गेली आणि तिचं उलटं तोंड आजोबांसमोर लोंबकळलं. "आजोबा, तुम्ही घोरता का?"

"माहीत नाही. झोपेत असतो मी तेव्हा."

"घोरलात तर वरून उशी टाकेन."

"आणि आम्ही दोघं टेबलावर," जावई म्हणाला. त्याने टेबलाचा बिछाना करून बघायला घेतला. पाय काढला, फळी सरकवली, ती तिरपी अडकली, उशा एकावर एक चढल्या, आणि दोन बाकांच्या मध्ये त्याचा स्वतःचाच पाय सापडला. जमिनी मोजणाऱ्या माणसाला एक टेबल आटोपेना, हे बघून मालकीण पुढे आली आणि तिने दोन झटक्यांत बिछाना करून दाखवला.

"रोज रात्री हे करायचं?" जावयाने विचारलं.

"आणि रोज सकाळी मोडायचं," लेक म्हणाली.

मग ते गाडी फिरवून आणायला निघाले. पाचवी जागा उलट्या तोंडाची होती, पाठ चालकाकडे. ती कुणालाच नको होती, म्हणून आजोबांनी घेतली, आणि या वेळी त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मागच्या काचेतून रस्ता दूर दूर जाताना दिसत होता, झाडं आधी मोठी, मग लहान लहान होत जात होती, आणि ते बघायला त्यांना बरं वाटत होतं. खड्ड्यावरून गेलं की कपाटातली भांडी वाजत. "काहीतरी निखळलं का?" दर वेळी लेक विचारी. "तुझी चिंता निखळली," जावई म्हणे. निघताना लेकीने नवऱ्याला सगळ्यांसमोर एक बजावलं होतं. गाडीत कुणीही थांब म्हणालं की थांबायचं, कारण विचारायचं नाही.

"थांब," आजोबा म्हणाले.

जावयाने गाडी कडेला घेतली. आजोबांना खरं म्हणजे तशी निकड नव्हती. पण आपल्याला हे म्हणता येतं का, ते त्यांना बघायचं होतं. ते पट्टा सोडून मागे गेले, दार कुरकुरत उघडलं, कुरकुरत मिटलं. बाहेर कुणी कुणाला काही बोललं नाही. वकीलबाई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती आणि भिंगरी खिडकीतून एका कुत्र्याला हाका मारत होती. ते परत येऊन बसले, पट्टा लावला, म्हणाले, "चला."

गाडी ठरली. मालकीण दाराला तेल घालून, पुढची चाकं बदलून ती पंधरवड्याने देणार होती. घरी आल्यावर जावयाने पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. "लांबी-रुंदीचा प्रश्न नाही," तो म्हणाला, "पण त्या टेंगळामुळे उंची बरीच झालीय. आत्याबाईंच्या आवाराच्या फाटकाला वर कमान आहे ना? तिच्याखालून जायला हवी. नाहीतर रस्त्यात ठेवावी लागेल. फोन करून विचारू का?"

"फोन नको," आजोबा म्हणाले. "मी विचारतो. मला तिला उत्तर द्यायचंय."

ते आपल्या खोलीत गेले. टेबलावर दुपारचं ऊन होतं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ते असं:

"ताई, शाळांना सुट्टी लागली की येतोय. पाच जण. उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. मला वाटेत सारखं जावं लागतं, म्हणून मी कुठे निघत नव्हतो, हे तुला सांगायला लाज वाटत होती. आता गाडीतच सोय आहे. तुझ्या घरात गाद्या घालू नकोस, आमच्या बिछान्यांसह येतोय. पण फाटकाची कमान जमिनीपासून किती उंच आहे ते कुणाकडून तरी मोजून घे आणि लगेच कळव. अंदाजाने सांगू नकोस, जावई मोजणीवाला आहे. कमान ठेंगणी निघाली तर गाडी बाहेर राहील आणि मी तेवढा आत येईन. तुझा, घुम्या."

वाचताना त्यांना 'तेवढा आत येईन' मधला 'तेवढा' नको तिथे पडल्यासारखा वाटला. पेन्सिल उचलली. मग वाटलं, दुरुस्त करायला बसलो तर संध्याकाळ होईल, आणि टपाल दुपारी उचलतात. कागद घडी करून त्यांनी पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि कोट न घालताच बाहेर पडले.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाबाहेर होती. पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि हात तिथेच थांबला. लिहिलं ते जरा जास्तच झालं का? लाजेचं ते वाक्य तरी गाळायला हवं होतं का? ताई ते मोठ्याने वाचून शेजारणीला तर दाखवणार नाही?

"टाकताय ना?" मागून कुणीतरी म्हणालं. एक बाई तीनचार पाकिटं हातात घेऊन उभी होती, खांद्यावर भाजीची पिशवी.

"हो, हो. माफ करा," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडलं. ते आत तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला. मग बाजूला सरकून त्यांनी त्या बाईला जागा करून दिली.